जूनपर्यंत लांबलेला हंगाम

१४ जून १९४७. ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे फुटबॉल संघ खेळताहेत. एकाच शहरातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी, चषकही स्थानिकच. पण आज सगळ्यांचे कान शेफील्डकडे लागलेत.

लिव्हरपूलचे इंग्लंडच्या लीगमधले सामने ३१ मे रोजीच संपले. गुण ५७. स्टोक सिटीचे ५५, आणि त्यांचा शेवटचा सामना आज शेफील्ड युनायटेडशी. विजयाला तेव्हा २ गुण. स्टोक जिंकलं तर गुण सारखे, आणि गोलसरासरीवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) विजेतेपद त्यांचं.

पण जूनमध्ये फुटबॉल? एरवी इंग्लंडमध्ये हे दिवस क्रिकेटचे.

महायुद्धामुळे बंद पडलेली लीग ऑगस्ट १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली. बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झालेलं, त्यामुळे मँचेस्टर युनायटेड 'घरचे' सामने मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळत होतं. युद्धात कधी नव्हे ते पावालाही युद्धानंतर रेशन लागलं होतं. लिव्हरपूलने मात्र शक्कल लढवली: हंगामाआधी संघाला अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर नेलं. सामने झालेच, पण खरा फायदा तिथल्या ताटाचा. पोरं अंगाने भरून परतली.

संघात बिली लिडेल होता, हवाई दलातला नॅव्हिगेटर. बॉब पेझली होता, आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आलेला. सप्टेंबरमध्ये न्यूकॅसलहून अल्बर्ट स्टबिन्स आला, १२,५०० पौंडांना. एव्हर्टनलाही तो हवा होता. आधी कोणाशी बोलायचं, हे त्याने नाणं उडवून ठरवलं म्हणतात! नोव्हेंबरात जॅक बाल्मरने सलग ३ सामन्यांत हॅट्ट्रिक केली.

मग आला १९४७ चा हिवाळा. मैदानं बर्फाखाली, देशभर कोळशाची टंचाई. कामगारांनी कारखाना सोडून सामन्याला जाऊ नये म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांतले सामने सरकारने बंद केले. सामने तुंबत गेले, हंगाम जूनपर्यंत ओढला गेला.

३१ मे रोजी लिव्हरपूलने वुल्व्ह्जना (वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाला) त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं. जिंकले असते तर वुल्व्ह्जच विजेते होते. त्यानंतर २ आठवडे नुसतं थांबणं. स्टोकने तर, हंगाम ऐन रंगात असताना, आपला स्टार खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूजलाच ब्लॅकपूल संघाला विकून टाकलं होतं. असला सौदा कोण करतं?

ॲनफिल्डवर ध्वनिक्षेपक खरखरला. शेफील्ड युनायटेड २, स्टोक सिटी १.

एव्हर्टनविरुद्धचा सामना अजून चालूच होता.