पेटीवरचं नाव : सिअ‍ॅटलच्या नॉर्डिक संग्रहालयात

(दृश्य : भुरभुर पाऊस. मार्केट स्ट्रीट. जस्ताच्या पत्र्यात गुंडाळलेली लांबट इमारत.)

सिअ‍ॅटलचा पाऊस आपल्या पावसासारखा नसतो. तो पडत नाही, नुसता हवेत असतो. छत्री उघडावी की नाही, या विचारात माणूस निम्मा भिजतो.

अशाच एका सकाळी आपण बॅलार्डमध्ये उतरतोय. शहराच्या वायव्य कोपऱ्यातली ही वस्ती. बेलव्ह्यू-रेडमंड या उपनगरांकडची मराठी मंडळी इकडे फिरकतात ती बहुधा भारतातून आलेल्या आईवडिलांना लॉक्सवरचे, म्हणजे बोटींना वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दरवाजांपाशी दिसणारे, सामन मासे दाखवायला. मासे बघायचे, फोटो काढायचे, पार्किंगची वेळ संपायच्या आत निघायचं. त्या लॉक्सपासून चालत दहा मिनिटांवर ही इमारत आहे : नॅशनल नॉर्डिक म्युझियम.

नॉर्डिक म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड. शिवाय ग्रीनलंड, फॅरो आणि ऑलंड बेटं, आणि अगदी उत्तरेला सामी लोकांचा मुलूख. हे संग्रहालय १९८० साली सुरू झालं ते एका जुन्या शाळेत, वर्गखोल्यांमधून. या नव्या इमारतीत ते आलं २०१८ च्या मे महिन्यात.

(दृश्य : आतला उंच, अरुंद, पांढरा दिवाणखाना. वर आडवे पूल.)

आत शिरल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. मधोमध एक लांब, उंच फट आहे. दोन्ही बाजूंना तिरक्या कापलेल्या पांढऱ्या भिंती. ही म्हणे फ्योर्ड. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या आत घुसलेली समुद्राची खाडी. कोकणातल्या माणसाला खाडी समजावून सांगायला नको. फक्त काठावर माडांऐवजी बर्फाचे कडे कल्पायचे.

या खाडीच्या एका तीरावर मायदेशाची दालनं, दुसऱ्या तीरावर अमेरिकेतली. मधे पूल. एका दालनातून दुसऱ्यात जायचं तर पूल ओलांडावाच लागतो, म्हणजे दर वेळी अटलांटिक ओलांडायचा. इमारतींनी असं काही सुचवायला लागलं की मला सहसा कंटाळा येतो. इथे नाही आला. तिसऱ्यांदा पूल ओलांडताना माझ्याही लक्षात आलं की मी परत कुठल्या बाजूला चाललोय याचा हिशेब सुटलाय. वर छताखाली काचेचे पक्षी टांगलेत, फॅरो बेटांवरच्या एका कलाकाराने केलेले. ते सगळे उडताहेत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. दगडी उतारावरची छोटी शेतं.)

ही माणसं निघाली का?

आज श्रीमंत आणि सुखी देशांची कुठलीही यादी काढा, हे पाच देश वरच्या ओळीत असतात. म्हणून हे ऐकायला जरा वेगळं वाटतं : दीडशे वर्षांपूर्वी ही युरोपातली गरीब, परसदारची मंडळी होती. नॉर्वेत पिकाखाली येण्याजोगी जमीन शंभरात जेमतेम तीन भाग. बाकी खडक, जंगल आणि पाणी. त्यात शेत जायचं थोरल्या मुलाकडे. धाकट्यांनी काय करायचं? कुणाच्या तरी जमिनीच्या कडेला झोपडं बांधून राहायचं आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं. अशा माणसाला तिकडे ‘हुसमन’ म्हणत. आपण कूळ म्हटलं असतं. फक्त कुळकायदा नव्हता.

एसायस टेग्नेर नावाच्या स्वीडिश कवीने लोकसंख्या वाढायची तीन कारणं सांगितली होती : शांतता, देवीची लस आणि बटाटे. लढाया थांबल्या, पोरं जगायला लागली, बटाट्याने पोटं भरली. तोंडं वाढली, जमीन तेवढीच. मग १८६७ पासून स्वीडनमध्ये पिकं बुडाली आणि लोक झाडाच्या सालीचं पीठ भाकरीत मिसळून खाऊ लागले. आइसलँडमध्ये १८७५ साली आस्क्या ज्वालामुखी फुटला, पूर्वेकडची कुरणं राखेखाली गेली. तिकडे अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळत होती. स्वतःची! कुळाच्या पोराला एवढं पुरेसं होतं. शंभरएक वर्षांत नॉर्वेतून सुमारे आठ लाख माणसं गेली, स्वीडनमधून बारा लाखांच्या वर. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर नॉर्वेच्या पुढे एकटा आयर्लंड.

ही जमीन मात्र मोकळी पडलेली नव्हती. मिनेसोटात जिथे स्वीडिश आणि नॉर्वेजियन शेतं उभी राहिली, तिथून डाकोटा लोकांना १८६२ च्या युद्धानंतर हुसकावलं होतं. आपण उभे आहोत त्या खाडीकाठीही डुवामिश आणि त्यांच्या नात्यातली शिलशोल माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत होती. कुळांना जमीन मिळाली ती अशी.

(दृश्य : नकाशा. स्टाव्हँगरहून न्यूयॉर्ककडे सरकणारी रेघ.)

नॉर्वेतून संघटितपणे गेलेलं पहिलं जहाज ‘रेस्टोरेशन’. ४ जुलै १८२५ ला स्टाव्हँगरहून निघालं. लांबी ५४ फूट, म्हणजे आपल्या एसटीच्या दीड गाडीएवढी. आत ५२ माणसं. चौदा आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा मोजदाद ५३ झाली. वाटेत एक मुलगी जन्मली होती. बंदरात उतरल्या उतरल्या काय झालं? जहाजाच्या मानाने माणसं फार आणली म्हणून दंड झाला आणि जहाज जप्त. शेवटी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी माफी दिली. अमेरिकेतल्या नॉर्वेजियनांचा इतिहास असा कागदपत्रांच्या भानगडीने सुरू होतो. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे वाचून थोडं बरं वाटेल.

(दृश्य : लाकडी पेटी, जवळून. गोलसर झाकण, लोखंडी पट्ट्या, रंगाचे ओघळ.)

आता जरा या पेटीपाशी थांबू.

असल्या पेट्यांना अमेरिका-पेटी म्हणतात. पाइनच्या जाड फळ्या, कोपऱ्यांना लोहाराने घडवलेल्या लोखंडी पट्ट्या, दोन बाजूंना कड्या. झाकण कमानीसारखं गोल. पुष्कळदा ही पेटी प्रवासासाठी केलेली नसायचीच. ती घरातलीच, आजीच्या लग्नातली. निळ्या-तांबड्या वेलबुट्टीने रंगवलेली. या वेलबुट्टीला रोझमालिंग म्हणतात. निघायच्या आधी त्या फुलांवरच, किंवा समोरच्या फळीवर, ठसठशीत अक्षरांत नाव घालायचं, साल घालायचं आणि खाली ‘उत्तर अमेरिका’. झाला पत्ता. गाव नाही, रस्ता नाही. अख्खा खंड.

पेटी उघडली की आत एका बाजूला झाकणाचा छोटा कप्पा असतो. बायबल, पैसे, कागद त्यात. बाकी पेटीत काय? शिडाच्या जहाजांच्या काळात प्रवाशाने आपलं जेवण आपणच न्यायचं, दोन-तीन महिन्यांचं. म्हणून फ्लाटब्रॉड भरायचे. पापडासारख्या पातळ, कडकडीत भाकऱ्या, महिनोन्‌महिने न बिघडणाऱ्या. सुकवलेलं मांस, चीज, लोणी. त्यावर लोकरीचे कपडे, सूतकताईचा चरखा, कुऱ्हाडीचं पातं. दांडा तिकडे जंगलात मिळेल.

आपल्याकडे हिशेब तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांचा असतो. वजनकाट्यावर बॅग ठेवायची, मेतकुटाची एक पुडी काढायची, परत ठेवायची. हे मला तिथे आठवल्याशिवाय राहिलं नाही.

त्या पेट्यांवरची नावंही नीट वाचा. समजा, ओले हान्सेन बाक्के. ओले हे स्वतःचं नाव. हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा. बाक्के हे शेताचं नाव, अर्थ ‘उतार’. स्वतःचं, वडिलांचं, मग ठिकाणाचं. आपण शाळेच्या दाखल्यावर लिहितो तस्सं! फरक इतकाच की शेत बदललं तर तिकडे नावाचा शेवटचा तुकडाही बदलायचा. म्हणजे वाईकर साताऱ्यात राहायला गेले की सातारकर. अमेरिकेत आल्यावर प्रश्न आला : यातलं आडनाव कुठलं? एका भावाने वडील धरले, दुसऱ्याने शेत. एक झाला हान्सन, एक बाक्के. पुढच्या पिढीला दोघं सख्खे चुलत हेही सांगावं लागलं असेल.

(दृश्य : पूल ओलांडून दुसरी बाजू. लाकडाच्या गिरण्यांची छायाचित्रं.)

या तीरावर बॅलार्ड सुरू होतं.

१८८९ च्या जूनमध्ये सिअ‍ॅटलची पेठ जळून खाक झाली. शहर पुन्हा बांधायचं तर लाकूड हवं. १८९३ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वे इथवर आली आणि मिनेसोटा-डाकोटाच्या थंडीला कंटाळलेले स्वीड, नॉर्वेजियन इकडे उतरले. समोर डोंगर, खाली खारं पाणी, पाण्यात मासे. ओळखीचंच सगळं. बॅलार्डच्या गिरण्या शिंगल्स काढायच्या. शिंगल म्हणजे छपरावर कौलांसारख्या बसवायच्या सीडरच्या पातळ चिपा. हे काम करणारा माणूस हातावरून ओळखू यायचा : बोटं किती शिल्लक आहेत ते मोजायचं. समोर करवत गरागरा फिरतेय, एका हाताने ठोकळा सरकवायचा, दुसऱ्याने चिप उचलायची. दिवसभर.

बॅलार्ड तेव्हा स्वतंत्र शहर होतं. १९०७ मध्ये, मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे, ते सिअ‍ॅटलमध्ये विलीन झालं. त्या दिवशी नगरभवनावर सुतकाचं काळं कापड लावलं होतं. जुने बॅलार्डकर अजून ते विसरलेले नाहीत असं म्हणतात.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती कुणी सांगितली असती तर मी थाप म्हणून सोडून दिली असती. १८९७-९८ च्या हिवाळ्यात अमेरिकन सरकारला बातमी लागली की कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे गेलेले खाणकरी उपाशी मरताहेत. मदत न्यायला बर्फात चालणारं जनावर हवं. म्हणून नॉर्वेच्या उत्तर टोकाहून पाचशेहून अधिक रेनडिअर आणि त्यांना हाकणारी सामी कुटुंबं जहाजाने न्यूयॉर्कला आणली. तिथून रेल्वेने, अख्खी अमेरिका आडवी ओलांडून, सिअ‍ॅटलला. पुढचं जहाज मिळेपर्यंत तो कळप इथून जवळच, वुडलँड पार्कमध्ये चरत होता. रेनडिअर जगतात दगडफुलाच्या जातीच्या शेवाळावर. ते संपलं, बागेतलं गवत खाऊन काही तिथेच मेले. बहुतेक बाकीचे अलास्कातल्या वाटेवर. आणि तिकडे खाणकरी काही उपाशी मरत नव्हतेच. सामी माणसांपैकी काही अलास्कात राहिली, काही परत गेली.

यशाच्या गोष्टीही आहेत. जॉन नॉर्डस्ट्रॉम सोळाव्या वर्षी खिशात पाच डॉलर घेऊन आला आणि १९०१ साली सिअ‍ॅटलमध्ये चपला-बुटांचं दुकान काढलं. त्याचीच पुढे नॉर्डस्ट्रॉम ही मोठी दुकानसाखळी झाली. आजचं नॉर्डिक डिझाइन, कल्याणकारी राज्य वगैरेही आहे. तिथून मी भराभर पुढे गेलो.

लुटेफिस्कपाशी मात्र थांबलो. वाऱ्यावर लाकडासारखा वाळवलेला कॉड, मग कॉस्टिक सोड्यासारख्या खाराच्या पाण्यात घालून थुलथुलीत केलेला. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाने नाक मुरडायचं कारण नाही, पण मी मुरडलं. गंमत अशी की नॉर्वेत ज्यांना हा पदार्थ वर्षातून एखाद्या वेळी आठवतो, त्यांचे इथले भाऊबंद चर्चच्या तळघरात पंगती मांडून तो चवीने खातात. निघताना जे पेटीत होतं, ते तसंच धरून ठेवलं जातं. मागे राहिलेले पुढे सरकतात.

(दृश्य : संध्याकाळ. बॅलार्डचा पूल. पलीकडे मासेमारी बोटींच्या डोलकाठ्या.)

संग्रहालय पाचला बंद झालं. बाहेर पडून मी पूल ओलांडला आणि फिशरमेन्स टर्मिनलला आलो. हे बंदर १९१४ चं. इथून हॅलिबट मासा धरायला अलास्कापर्यंत जाणाऱ्या लाकडी स्कूनरी, म्हणजे डोलकाठ्यांच्या बोटी, त्याच दशकातल्या. त्यातल्या काही अजून समुद्रावर जातात.

धक्क्यावर एक उंच खांब आहे, वर मासा ओढणारा कांस्याचा कोळी. भोवतीच्या पाट्यांवर समुद्रात गेलेल्यांची नावं, पाचशेच्या वर. आडनावांच्या शेवटी सेन, सन, सेन, दाल, विक. काही आडनावं दोनदा, तीनदा येतात. खाली कुणीतरी फुलं ठेवलेली, पावसात भिजलेली.

मागच्या धक्क्याला एक स्कूनर लागली होती. डेकवर एक म्हातारा दोराची वेटोळी घालत बसला होता. त्याला आडनाव विचारावंसं फार वाटलं. पण त्याने मान वर केली नाही, आणि पावसाने जरा जोर धरला होता.