विस्कॉन्सिनचे सपर क्लब: जिथे जेवायची घाई कोणालाच नसते

नमस्कार मंडळी! आज विषय आहे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले सपर क्लब, म्हणजे संध्याकाळच्या निवांत जेवणाची जुन्या वळणाची रेस्टॉरंट. नावात क्लब असला तरी मेंबरशिप वगैरे काही लागत नाही, कोणीही जाऊन जेवू शकतं. शिकागो, मिलवॉकी, मॅडिसनला आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, पण होतं काय, गावाबाहेरच्या रस्त्यावर तो जुना निऑनचा बोर्ड दिसतो, बैठी लाकडी इमारत, आत मिणमिणता उजेड, आणि आपण "हे काही आपल्यासाठी नसेल" म्हणत गाडी पुढे काढतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हा व्हिडिओ.

तर आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला लगेच टेबल देत नाहीत. दारात नाव सांगायचं आणि बारवर जाऊन बसायचं. बऱ्याच ठिकाणी मेन्यू तिथेच हातात येतो, ऑर्डरही तिथेच घेतात, आणि तुमचं सूप-सॅलड तयार झालं की मग होस्टेस येऊन टेबलाकडे नेते. तोपर्यंत शेजारच्या स्टुलावरच्या आजोबांनी तुमची चौकशी सुरू केलेली असते, कुठून आलात, पॅकर्सची (इथली अमेरिकन फुटबॉल टीम) मॅच बघितली का, यंदा मका कसा आहे. हा वेळ वाया गेला असं तिथे कोणीच समजत नाही, कारण जेवण हाच त्या संध्याकाळचा कार्यक्रम असतो, जेवून पुन्हा कुठे जायचं नसतं.

बारवर काय घ्यायचं? ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. बाकी जगात ओल्ड फॅशन्ड म्हणजे व्हिस्की, इथे मात्र ब्रँडी. ग्लासात साखरेची वडी, त्यावर बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्काचे) चार थेंब, संत्र्याची एक चकती आणि एक लालभडक चेरी, हे सगळं लाकडी दांड्याने चेचतात, म्हणजे संत्र्याच्या सालातलं तेल साखरेत उतरतं, मग बर्फ, ब्रँडी आणि वरून सोडा. बारटेंडर विचारतो, स्वीट, सावर की प्रेस? स्वीट म्हणजे सेव्हन-अप, सावर म्हणजे आंबट लिंबू-मोसंबीछाप सोडा, आणि प्रेस म्हणजे अर्धं सेव्हन-अप अर्धा साधा सोडा. पहिल्यांदा जाताय तर प्रेस सांगा, स्वीट आपल्याला फारच गोड होतं. पोरांसाठी किडी कॉकटेल असतं, लाल सरबत, सोडा आणि चेरी, त्यांनाही बारवर बसून काहीतरी प्यायल्याचं समाधान.

आता ब्रँडीच का? सगळे सांगतात ती गोष्ट 1893 ची, विवेकानंद ज्या वर्षी शिकागोला बोलले ना, त्याच वर्षीच्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनाची, की तिथे कॅलिफोर्नियाच्या कॉर्बेल बंधूंनी ब्रँडी मांडली आणि विस्कॉन्सिनच्या जर्मन लोकांना ती आवडली. मला दुसरं कारण जास्त पटतं, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला चांगली व्हिस्की मिळेना आणि कॅलिफोर्नियाची ब्रँडी मिळत होती, म्हणून लोकांनी ती धरली आणि मग सोडलीच नाही. कॉर्बेलच्या ब्रँडीचा मोठा वाटा आजही याच एका राज्यात खपतो!

टेबलावर बसलात की येतो रेलिश ट्रे. मुळा, गाजर, सेलरीच्या कांड्या, कांद्याची पात, काकडीचं लोणचं, सोबत वाटीत चीज स्प्रेड आणि क्रॅकर्स. आपल्या पानात डावी बाजू असते ना, अगदी तसंच, मागायचं नाही, ते येतंच. काही ठिकाणी खर्च वाचवायला हा ट्रे बंद केलाय, आणि तिथले जुने लोक त्याबद्दल अजून हळहळतात, मलाही पटतं त्यांचं. मेन डिशच्या किमतीत सूप किंवा सॅलड, ब्रेड, बटाटा (भाजलेला, तळलेला की हॅश ब्राउन ते तुम्ही सांगायचं) सगळं धरलेलं असतं.

शनिवारी प्राइम रिब (बीफचा मोठा भाजलेला तुकडा), रविवारी बहुतेक चिकन, पण खरा वार शुक्रवार, म्हणजे फिश फ्राय. इथे जर्मन आणि पोलिश कॅथलिक वस्ती मोठी, आणि 1966 पर्यंत अमेरिकेतल्या कॅथलिकांना वर्षभर दर शुक्रवारी मांस वर्ज्य होतं. त्यात 1920 ते 1933 दारूबंदी, बिअर विकता येईना, मग बारवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवायला तळ्यातला स्वस्त मासा तळून द्यायला सुरुवात केली. पर्च, वॉलाय, कॉड, सोबत राय ब्रेड, कोलस्लॉ, बटाट्याचे पॅनकेक. बरेच सपर क्लब त्याच काळातल्या गावाबाहेरच्या रोडहाऊसमधून (रस्त्याकडेच्या बार-हॉटेलांमधून) वाढले, म्हणून ते अजूनही गावाच्या हद्दीबाहेर, तळ्याकाठी, शेतांच्या मधे सापडतात. खरी भरभराट 1950-60 च्या दशकांत झाली.

आता काही नावाजलेले सपर क्लब. इश्नाला, लेक डेल्टनजवळ मिरर लेकच्या काठावर, 1953 पासून. पाइनची झाडं तोडली नाहीत, छतातून तशीच वर जाऊ दिलीत, तुम्ही जेवत असता आणि बाजूला झाडाचा बुंधा! शिकागोवाल्यांना जवळ पडायचं ते रसीन आणि केनोशाच्या मधलं हॉबनॉब, 1954 चं, खिडकीतून थेट लेक मिशिगन दिसायचं. आणि वर उत्तरेला लिटल बोहेमिया, जिथे 1934 मध्ये डिलिंजर नावाचा दरोडेखोर आणि केंद्रीय तपास खात्याच्या एजंटांची चकमक झाली होती, तिथे आजही जेवण मिळतं.

जेवण झालं की लोक उठत नाहीत, पुन्हा बारवर येतात आणि आइस्क्रीम ड्रिंक, म्हणजे आइस्क्रीम घालून केलेलं कॉकटेल घेतात. ग्रासहॉपर म्हणजे पुदिन्याचं हिरवं, ब्रँडी अलेक्झांडर, आणि पिंक स्क्विरल, जे मिलवॉकीच्या ब्रायंट्स बारमध्ये जन्मलं असं मानतात.

बंद किती पडले हेही सांगायला हवं. चेन रेस्टॉरंट आली, दारू पिऊन गाडी चालवण्याचे कायदे कडक झाले (ते व्हायलाच हवे होते), आणि मालकाच्या मुलांना रोज रात्री किचनमध्ये उभं राहायचं नव्हतं. हेवर्डचं टर्क्स इन 1934 मध्ये इस्तंबूलहून आलेल्या एका आर्मेनियन माणसाने सुरू केलं, ते 2013 मध्ये बंद झालं. त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि ते घेऊन 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याच नावाचं रेस्टॉरंट उघडलं. सामान वाचलं याचा मला आनंद आहे, पण हेवर्डच्या लोकांची शुक्रवारची संध्याकाळ काही त्या लिलावात विकत मिळत नव्हती ना.

शाकाहारी मंडळींनो, तुमच्यासाठी सोपं नाहीये, खरं सांगते. रेलिश ट्रे, चीज कर्ड्स (ताज्या चीजचे छोटे तुकडे), सॅलड आणि भाजलेला बटाटा यात पोट भरतं, पण फ्रेंच ओनियन सूप घेऊ नका, ते बहुतेक बीफच्या पाण्यात करतात. आधी फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी सोमवारी सुट्टी असते. शुक्रवारी पाचच्या आत पोहोचा. आणि गाडी चालवणाऱ्याने किडी कॉकटेलच घ्यायचं, रस्ते अंधारे असतात आणि हरणं मधे येतात.