दोरी पुरते का?

नमस्कार श्रोतेहो. आधी चरबी उतरवायची की आधी अंग भरायचं, हा प्रश्न मला हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. तेही हातात जिलबी धरून. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो, मध्येच कुकरची शिट्टी झाली तरी चुकायला नको. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर आधी चरबी. निम्म्याच्या आत असेल आणि हातपाय काटकुळे असतील, तर आधी स्नायू. पुन्हा सांगतो. निम्म्याहून जास्त, आधी चरबी. निम्म्याच्या आत आणि अंग काटकुळं, आधी स्नायू.

आता कोल्हापूरचा किस्सा. माझा भाचा पुण्यात संगणकावर काम करतो. जिममधला सांगतो बल्क कर, मोबाईलमधलं ॲप सांगतं कट कर. बिचारा दोन्हीच्या मध्ये अडकलेला. त्याला घेऊन मी एका जुन्या तालमीत गेलो. हौद्यातली लाल माती नुकतीच मळलेली, ताक-लिंबू-हळदीचा आंबूस वास सगळीकडे. आणि आरसा एकही नाही. माझं तर मत आहे, जिममधले आरसे काढले तर माणसं निम्म्या वेळात व्यायाम उरकून घरी जातील. गाणी तर बंदच करावीत. असो.

भाच्यानं विचारलं, "वस्ताद, आधी कट करू की बल्क?"

वस्ताद माझ्याकडे बघत म्हणाले, "काय म्हणतंय पोरगं?"

"आधी पोट उतरवू की दंड भरू, असं विचारतोय."

"वजन किती रं तुझं?"

"अडुसष्ट."

"उंचीच्या मानानं बराबर हाय की!" भाचा खूश. तेवढ्यात वस्तादांनी त्याच्या पोटात बोट खुपसलं. "मंग ह्ये कुनाचं?"

कोपऱ्यात आंब्याच्या पेटीची सुतळी पडली होती. वस्तादांनी ती भाच्याच्या टाचेपासून टाळूपर्यंत ताणली आणि तिथं तोडली. मग बरोबर मधोमध दुमडून ती निम्मी दोरी बेंबीवरून पोटाभोवती घातली. भाच्यानं लगेच श्वास आत ओढला. वस्ताद काही बोलेनात. दोरी धरून नुसते उभे. भाचा लालबुंद झाला.

"सोड वारं," वस्ताद म्हणाले, "रातपातूर धरशील व्हय?"

त्यानं श्वास सोडला आणि दोरीची दोन टोकं एकमेकांपासून चांगली चार बोटं लांब गेली. "दोरी पुरना. आदी प्वाट."

"मग जोर-बैठका पोट उतरल्यावर सुरू करू?"

"कुनी सांगितलं? तूप बंद, थंडाई बंद. जोर आजपास्नं."

शेजारी एक किडकिडीत पठ्ठा अंगाला माती लावत होता. त्याच्या मापाची दोरी पोटाला पुरून वर टोकं लोंबत राहिली. त्याला काय सांगितलं? दूध वाढव, अंडी वाढव. आणि जोर? भाच्याला सांगितले तेवढेच! फरक ताटात, मेहनतीत नाही. हेच मला आज सांगायचंय. (मग वस्तादांनी दोरी माझ्याकडे वळवली. त्याचा निकाल या कार्यक्रमाच्या वेळेत बसणारा नाही.)

वस्तादांनी वजनाला भाव दिला नाही, ते बरोबरच होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. काटा तोच, माल वेगळा. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असते, ती अशी. काट्यावरून आठवलं, रेल्वे स्टेशनवर दिव्यांचं मोठं यंत्र असायचं, नाणं टाकलं की वजनाच्या तिकिटावर भविष्यही छापून यायचं. ती यंत्रं पुन्हा आणायला हवीत.

तर, नुसतं जेवण तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. वजन उचललं, जोर मारले, तर शरीर स्नायू राखून ठेवतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्या पोटवाल्याचं तर पहिले काही महिने दोन्ही साधतं, पोट उतरतं आणि दंडही भरतो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. प्रथिनं मात्र हवीत. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भाच्याला साधारण शंभर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. ताटभर भातावर पळीभर पातळ वरण ओतून हा हिशेब पुरा होत नाही. उसळ, दही, सोयाबीन, अंडी, मासे, जे घरात चालतं ते वाढवा. प्रथिनांच्या पावडरीचा डबाच विकत आणला पाहिजे असं नाही.

माप घेताना सकाळी, उपाशीपोटी, बेंबीपाशी, श्वास सोडून घ्यायचं. श्वास सोडून, हे लक्षात ठेवा. गरोदर बायकांनी यात पडू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी विचारावं, कारण ताट निम्मं झालं आणि डोस तोच राहिला, तर साखर एकदम खाली येते.