३२०० थरांचा ब्रॅकेट

(दृश्य: मशीनची काच, आत उडणाऱ्या ठिणग्या)

हे धातूचं थ्रीडी प्रिंटिंग मशीन: लेझरनं पावडर थराथरानं वितळवून विमानाचा ब्रॅकेट, म्हणजे भाग धरून ठेवणारा आधार, छापतं. काचेपलीकडे टायटॅनियम वितळतंय. त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. ठिणग्या पाहायला छान वाटतात, पण मशीन चालवणाऱ्याला त्या नकोशा असतात. उडालेला थेंब पावडरवर पडला की त्याखालची जागा नीट वितळत नाही आणि आत पोकळी राहते. म्हणून आरगॉन वायूचा झोत सतत आडवा वाहता ठेवतात. ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली.

(दृश्य: रिकोटरचं पातं)

हे पातं रांगोळीसारखी राखाडी पावडर पसरतं. तिचे कण गोल, १५ ते ४५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थर ३० मायक्रॉनचा. ९६ मिलिमीटर उंचीच्या ब्रॅकेटला ३२०० थर लागतात; थराला ३५ सेकंद धरले तरी ३१ तास झाले. लेझर साधारण २८० वॅट, वेग सेकंदाला १२०० मिलिमीटर. वेग फार वाढला तर थर खालच्या थराला धरत नाही. ताकद फार वाढली तर वितळलेली धातू खोल खचते आणि तळाशी वायूचा बुडबुडा अडकतो. ब्रॅकेटची कड वर उचलली गेली की पातं तिला आदळतं, आणि बहुतेक वेळा जॉब तिथंच संपतो.

(दृश्य: पावडर चाळताना, हातात मोजे, तोंडावर मास्क)

उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरतात. पण प्रत्येक फेरीला तिच्यात थोडा ऑक्सिजन मुरतो, ०.२० टक्क्यांवर गेला की ती बाद. नागपूरच्या पावसाळ्यात ती ओल धरते आणि थर सारखा पसरत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्थिर विजेची भीती, कारण बारीक टायटॅनियम पेट घेतं. म्हणून चाळणीपासून डब्यापर्यंत सगळ्याला अर्थिंग.

(दृश्य: बिल्ड प्लेट, वायरकट)

ज्या प्लेटवर जॉब छापला, तिच्यावरून तो लगेच सोडवायचा नाही. आधी भट्टीत ताण घालवायचा, मगच वायरकट, म्हणजे विजेच्या बारीक तारेनं कापणं. घाई केली की ब्रॅकेट वाकलाच. पुढची पायरी हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग, म्हणजे एचआयपी, उष्णता देऊन वायूनं चहूबाजूंनी दाबणं: सुमारे ९२० अंश, १०० मेगापास्कल, दोन तास. आतल्या पोकळ्या यात मिटतात. पृष्ठभागापर्यंत उघडलेल्या मात्र तशाच राहतात. एचआयपीसाठी इथला जॉब बाहेरगावी जातो, त्यामुळे ती भट्टी तुम्हाला दिसणार नाही.

(दृश्य: ब्रॅकेटशेजारच्या उभ्या कांड्या)

या कांड्या ब्रॅकेटसोबतच छापलेल्या. ताकद तपासायला खेचून तोडायच्या त्या ह्याच. ब्रॅकेट न तोडता आतल्या पोकळ्या पाहायला त्याचं सीटी स्कॅन होतं. खडबडीत पृष्ठभागावरूनच थकव्याची भेग सुरू होते, म्हणून महत्त्वाच्या जागा मशीनिंग करून घेतात. पार्ट हवेत तुटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: मिहान, हँगर)

विमानाच्या लीप इंजिनासाठी जीई कंपनीनं बनवलेल्या इंधन नोझलमध्ये साधारण २० तुकड्यांचं काम एकाच छापील तुकड्यानं केलं आणि वजन २५ टक्क्यांनी उतरलं. इथं मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पात, २०१५ पासून बोइंग विमानांची देखभाल होते, फाल्कन २००० या छोट्या जेट विमानाच्या कॉकपिटचे भागही तयार होतात. हिंगणा-बुटीबोरीत मशीनिंगला बसलेले हात आहेत. अडतं ते एचआयपीपाशी आणि पार्ट विमानात वापरण्याच्या मान्यतेपाशी. पावडरचा बॅच, ऑक्सिजनचा आलेख, लेझरची सेटिंग हे सगळं फायलीत बांधलेलं असतं. त्यातलं एक बदललं, तर चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.