धानाच्या कोठ्यातला स्टुडिओ

[दृश्य : पहाट. चुलबंद नदीवर धुकं. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली लोखंडी पेटी.]

लाखांदूर तालुक्यातल्या या गावात नुसतं 'मास्तर' म्हटलं की लोक विचारतात, शाळेचे की बँडचे? हे बँडचे.

चाळीस वर्षं त्यांनी बँड चालवला. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा, मग पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि उन्हाळाभर लग्नं. मेरठहून मागवलेली पितळी वाद्यं, लाल कोट, सोनेरी झालर. बँड सगळ्यांनी पाहिला. हा कोठा मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल.

[दृश्य : कुलूप उघडतं. आत अंधार. भिंतीला लागून तनशीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे भारे.]

इथे धान ठेवत. कोठा रिकामा झाला की मास्तर रेकॉर्डिंग लावत. घुमारा मारावा म्हणून चारही भिंतींना तनीस रचलेली, दाराला गोधडी. पंखा बंद. पावसाळ्यात काम होत नसे, कारण बांध्यांमधले बेडूक माइकमध्ये यायचे. एका भजनाच्या शेवटी टिटवी ओरडलेली आहे. ती त्यांनी तशीच ठेवली. आम्हाला ती जागा त्यांनी दोनदा ऐकवली.

[दृश्य : मास्तरांची बोटं, गिटारच्या गंजलेल्या तारा.]

ही गिटार नाटकाच्या ऑर्केस्ट्रासाठी घेतलेली. तरुणपणी कुणाच्या तरी कॅसेटवर त्यांनी रॉक ऐकलं आणि तो फाटका, गुरगुरता आवाज डोक्यात बसला. असा आवाज काढणारं गिटारचं पेडल परवडत नव्हतं. सभेला लावतात तो अहुजाचा अँप्लिफायर त्यांनी फुल केला. ताकदीपेक्षा जास्त सिग्नल गेला की आवाजाच्या लाटेची टोकं कापली जातात आणि सूर फाटतो. जगातल्या अनेक रॉकवाल्यांना हा आवाज याच वाटेनं सापडला. मास्तरांनी तो भीमगीतात घातला, खंजिरी भजनातही घातला. जुनी माणसं रागावली. मास्तरांचं उत्तर ठरलेलं : "सूर बराबर हाय ना बा, मंग थांबवाचं कायले?"

[दृश्य : चार ट्रॅकचं मशीन. धूळ पुसणारा हात.]

आता हे मशीन नीट पाहा. साधी कॅसेट फिलिप्सनं १९६३ मध्ये आणली. तिची फीत चार मिलिमीटरसुद्धा रुंद नाही. १९७९ मध्ये टास्कम कंपनीनं त्याच फितीवर चार वेगळे ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या चार स्वतंत्र पट्ट्या घेणारं यंत्र काढलं, आणि घरात बसून गाणं बांधता येऊ लागलं. फीत दुप्पट वेगानं पळते आणि एकाच दिशेनं वाजते, म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटवर मिळतात पंधरा.

पहिल्या ट्रॅकवर ढोलकी आणि ऑक्टोपॅड. दुसऱ्यावर बाजाची पेटी. तिसऱ्यावर क्लॅरिओनेट, तिचा सा काळी पाचचा, म्हणून गायकाच्या पट्टीप्रमाणे मास्तर आधी वहीत सगळे सूर बदलून लिहीत. मग हे तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, आणि मोकळ्या झालेल्या तीन जागांवर गिटार, कोरस, शेवटी मुख्य गळा. एकदा उतरवलं की परत फिरता येत नाही. ढोलकी बारीक राहिली तर ती कायमची बारीक. म्हणून मिसळण्याआधी मास्तर बाहेर अंगणात जाऊन, उघड्या दारातून ऐकत. लोक गाणं तसंच ऐकतात, रस्त्यावरून जाताना.

[दृश्य : कॅसेटची कव्हरं, एकेक करून.]

नागपूरच्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखोंची गर्दी होते. तिथे जमिनीवर कापड अंथरून या कॅसेटी विकल्या गेल्या. कव्हरवर गायकाचा फोटो, गायकाचं नाव. संयोजन कुणाचं, गिटार कुणाची, कोठा कुणाचा, कुठेही छापलेलं नाही. आम्ही प्रत्येक कव्हर उलटून पाहिलं.

पुढे डीजे आला, बँड मोडला, वादक पुण्याला कामाला गेले, आणि मास्तरांचा डावा कान गेला.

[दृश्य : पेटी उघडी. फितीवर पांढरी बुरशी.]

या मूळ फिती आहेत. धानाच्या पट्ट्यातली ओल त्यांना सोसत नाही. बुरशी चढली, आतला नमद्याचा तुकडा गळून पडला. साध्या टेपमध्ये घातल्या तर गाणं निम्म्या वेगानं रेंगाळतं, आणि बाजू पलटली की उलटं वाजतं. घरच्यांनी म्हणूनच त्या खराब समजून फेकायला काढल्या होत्या. त्या खराब नाहीत. त्यांना चार ट्रॅकचं, दुप्पट वेगाचं मशीन लागतं. ते आहे तोवर प्रत्येक फीत संगणकावर उतरवायला हवी, चारही ट्रॅक वेगवेगळे. विदर्भातल्या आणखी कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर कृपा करून ती रद्दीत देऊ नका.

[दृश्य : मशीनचा पट्टा बदललेला. मास्तर उजवा कान स्पीकरकडे करून बसलेले.]

बाकीचे तीन ट्रॅक बंद. फक्त गिटार. सुरुवातीला नुसती फितीची खरखर.

[निवेदन थांबतं. गिटार. मास्तरांची टाच मातीवर ठेका धरते.]