हवानाचं बी, परक्या मातीतलं

मगाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, ‘डब्यावर “क्युबन सीड” आणि खाली “मेड इन होंडुरास”. मग ही सिगार नेमकी कुठली?’ तिथूनच सुरुवात करतो.

सप्टेंबर १९६० मध्ये कास्त्रो सरकारने हवानातले सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घातली आणि अमेरिकेचं गिऱ्हाईक तुटलं. देश सोडलेल्या मालकांचं सगळं मागे राहिलं. ब्रँडच्या नावांवरून तर भांडणं लागली; म्हणून आजही एकाच नावाच्या दोन सिगार मिळतात, एक क्युबन, एक डॉमिनिकन. बाहेर पडलं ते कसब आणि बी. तंबाखूचं बी राजगिऱ्याहून बारीक, ग्रॅमभरात दहा हजार दाणे. खिशातल्या पुडीतून अख्खं शिवार नेता येतं.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये या बियाण्याला ‘पिलोतो कुबानो’ नाव पडलं. होंडुरासच्या हामास्त्रान खोऱ्यात, निकाराग्वात एस्तेलीला तेच बी रुजलं. पण एस्तेलीच्या काळ्या मातीतलं पान जड आणि तिखट निघतं, क्युबातल्या पिनार देल रिओच्या तांबड्या जमिनीतल्या पानासारखं नाही. निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. तेव्हा ‘क्युबन सीड’ हे माझ्या मते अर्धंच खरं. त्यातून गंमत अशी, की १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीने क्युबातलं पीक बसवलं आणि पुढे तिथेही रोगाला दाद न देणारे संकरित वाण आले. जुना, नाजूक ‘कोरोहो’ वाण क्युबातच मागे पडला.

मग ‘क्युबन पद्धत’ उरते कुठे? वळणाऱ्याच्या हातात. झाडाच्या शेंड्याकडचं पान, ‘लिहेरो’, सर्वांत कडक आणि सावकाश जळणारं. ते नेहमी मधोमध. बाजूने ‘सेको’, वासासाठी. आणि ‘बोलादो’, नीट जळावं म्हणून. लिहेरो कडेला गेलं, की सिगार एका अंगाने जळते. प्रत्येक पान नळीसारखं दुमडायचं, म्हणजे धुराला वाट राहते. घट्ट दाबलं तर ओढताना गाल दुखतात. त्यावर एक बांधणारं पान, आणि शेवटी वरचं तलम पान. त्याची मधली शीर काढली की डावी-उजवी अशी दोन अर्धुकं होतात. डावं एका दिशेने गुंडाळायचं, उजवं उलट दिशेने, म्हणजे शिरा सिगारच्या लांबीला धरून बसतात. टेबलावर मुख्य हत्यार ‘चावेता’, अर्धगोल पात्याचं. त्याच पात्याने उरलेल्या पानातून टोपी कापायची आणि बिनवासाच्या खळीचं बोट लावून टोकावर बसवायची.

हल्ली बऱ्याच कारखान्यांत वरचं पान चढवण्याआधी आतल्या गाभ्यातून यंत्राने हवा ओढून बघतात. काटा अडला, की गाभा उसवून पानं पुन्हा त्याच माणसापुढे.