काटा खोटं बोलतोय की इंजिन तापलंय?

मंडळी, जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की लोक लगेच म्हणतात, "मीटर बिघडलंय." असेलही. पण दुसऱ्या थर्मामीटरनं खात्री होईपर्यंत तो खरं बोलतोय असंच धरा आणि गाडी थांबवा. मीटर विनाकारण बदललं तर थोडे पैसे जातात, हेड (इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग) वाकलं तर इंजिन उघडावं लागतं. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडून बघायचा मोह नको! सात पीएसआय दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी एकशे दहा अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं.

खात्री कशी करायची? इंजिन चालू असताना थर्मोस्टॅटच्या (पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरकडे वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी काळी टेप चिकटवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा आहे, टेपवरही साधारण तेवढाच आकडा येतोय आणि काटा मात्र लालवर आहे, तर खुशाल मीटरच्या मागे लागा.

आता तुमच्या गाडीत मीटर कुठल्या जातीचं आहे ते बघा. डॅशबोर्डमागून वायरऐवजी तांब्याची बारीक नळी इंजिनकडे जात असेल, तर ते यांत्रिक मीटर. बहुतेकदा त्यात ईथर असतं. नळी पिचली किंवा तुटली की काटा तळाला बसतो, आणि घरच्या घरी काही करता येत नाही. ती नळी कापू मात्र नका. ईथर भडकन पेटतं.

वायरवाल्या मीटरमध्ये शोधायला जास्त जागा आहे. इंजिनवरच्या सेंडरची (पाण्याचं तापमान मीटरला कळवणाऱ्या भागाची) वायर काढा, किल्ली फिरवा: बहुतेक गाड्यांत काटा थंडवर राहतो. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवा, की काटा गरमकडे निघतो. क्षणभरच, नाहीतर मीटरची आतली तार जळेल. दोन्ही वेळा काटा असाच वागला तर मीटर आणि वायर ठीक आहेत, संशय सेंडरवर.

पण पेट्रोलचा काटाही सोबत चढलेला दिसला, तर सेंडरला हात लावू नका. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत दोन्ही मीटरांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. आतली पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो, थंड होऊन पुन्हा जुळतो, आणि सरासरी दहा व्होल्ट पुढे जातात. त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडा नाचतो. तो दोष नव्हे. स्टॅबिलायझरच्या या डबीची अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी विजेची जोडणी, तिच्या पत्र्यातून, स्क्रूमधून मिळते. तिथे गंज धरला किंवा कुणी हौसेनं डॅशबोर्ड रंगवला, की पट्टी तापायचीच थांबते, संपर्क जुळलेलाच राहतो आणि दोन्ही मीटरांना बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज जातं. काटे वर! माझ्या मते नवे भाग मागवण्याआधी हा स्क्रू खरवडून घासायलाच हवा.

सेंडरच्या बाबतीतही अर्थचंच दुखणं: आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळले तर अर्थ बिघडते आणि काटा खाली राहतो. सेंडर काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरशेजारी लोंबकळत ठेवा, टर्मिनल आणि अंगावर मल्टिमीटर लावा आणि पाणी तापवा. रेझिस्टन्स सलग घटत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेंडर बाद. नवा बसवल्यावर काटा पूर्वीच्या जागी थांबेलच असं नाही, कारण पर्यायी सेंडर मीटरशी अचूक जुळलेले नसतात. म्हणून थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा काटा कुठे असतो ते पाहून ठेवा. तुमच्या गाडीचा नॉर्मल तो.